क्रोशाच्या विणींचं पुस्तक निवडताना

वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

या वेळी आलेले प्रश्न विणींच्या कोशांबद्दल आहेत, म्हणजे ज्या पुस्तकांत तयार वस्तूंची कृती नसते, फक्त विणी असतात. उत्तरांत सगळीकडे टाक्यांसाठी आपले रोजचे शब्द वापरले आहेत: साखळी, मुका खांब, अर्धा खांब, खांब, दुहेरी खांब.

मला साखळी, मुका खांब आणि खांब एवढं नीट येतं. विणींचं एकच चांगलं पुस्तक घ्यायचं आहे. कुठल्या मुखपृष्ठावर ३०० विणी लिहिलेल्या असतात, कुठे ५००, कुठे १०००. पुस्तक हातात घेतल्यावर दहा मिनिटांत काय तपासावं?

आकडा आधी बाजूला ठेवा. हजाराच्या हिशेबात पुष्कळदा किनारी, चौकोन, फुलं असं सगळं धरलेलं असतं. तीच वीण दोन रंगांत दाखवून दोनदा मोजलेलीही असते. तुम्हाला सलग कापडासारखी वीण हवी असेल तर अनुक्रमणिका उघडून तेवढा विभाग किती पानांचा आहे ते बघा.

मग खरी परीक्षा. तुम्हाला आधीपासून येणारी एखादी वीण पुस्तकात शोधा आणि तिचा फोटो, तिची आकृती आणि तिची लिखित कृती एकमेकांशी ताडून पाहा. साधी शिंपल्याची वीण यासाठी उत्तम, कारण ती जवळजवळ प्रत्येक कोशात असते आणि तिच्यात चुकायला जागाही असतात.

शिंपल्यासाठी टाके ६ च्या पटीत अधिक १ लागतात आणि पायाला आणखी १ साखळी. चार शिंपल्यांसाठी २४ अधिक १ म्हणजे २५ टाके, म्हणून २६ साखळ्या. पहिली ओळ: सुईपासून दुसऱ्या साखळीत मुका खांब, मग २ साखळ्या सोडून पुढच्या एकाच साखळीत ५ खांब, २ सोडून पुढच्या साखळीत मुका खांब, असं शेवटपर्यंत. दुसरी ओळ: ३ साखळ्या, त्याच पहिल्या मुक्या खांबात २ खांब (हा अर्धा शिंपला), मग खालच्या शिंपल्याच्या मधल्या, म्हणजे तिसऱ्या खांबावर मुका खांब, पुढच्या मुक्या खांबात ५ खांब. ओळीच्या शेवटी, अखेरच्या मुक्या खांबात ३ खांब. तिसरी ओळ: १ साखळी, पहिल्या खांबावर मुका खांब, २ खांब सोडून मुक्या खांबात ५ खांब, मग पुढच्या शिंपल्याच्या मध्यावर मुका खांब. ओळीचा शेवटचा मुका खांब दुसऱ्या ओळीच्या सुरुवातीला घातलेल्या ३ साखळ्यांपैकी सर्वांत वरच्या साखळीत.

आता पुस्तकात बघा. पायाच्या साखळ्यांचा आकडा टाक्यांपेक्षा वेगळा दिला आहे का? नुसतं ‘६ ची पट अधिक १’ एवढंच छापलं असेल आणि पायाची ती जादा साखळी गाळली असेल, तर शेवटच्या मुक्या खांबाला जागाच उरत नाही. ‘दुसरी आणि तिसरी ओळ पुन्हा करा’ असं स्पष्ट आहे का? फक्त ‘दुसरी ओळ पुन्हा करा’ लिहिलं असेल तर ते चूक आहे, अर्ध्या शिंपल्यावर अर्धा शिंपला बसत नाही. आणि तिसऱ्या ओळीचा तो शेवटचा मुका खांब नेमका कुठे घालायचा ते सांगितलं आहे का? तो सुटला की त्या बाजूची कड आत सरकत जाते. नवख्या हाताला ‘माझी पट्टी तिरकी का होते’ हा प्रश्न पडतो तो बहुतेक इथेच. ज्या पुस्तकाने एवढ्या साध्या विणीत ही जागा स्पष्ट केली आहे, त्याच्या अवघड विणींवर विश्वास ठेवायला हरकत नाही.

फोटोबद्दल आमचं मत ठाम आहे: फिक्या, एकरंगी, गुळगुळीत दोऱ्यात विणलेला आणि निदान दोन-तीन वेळा नक्षी पुरी झालेला तुकडा हवा. गडद किंवा केसाळ दोऱ्याच्या फोटोत टाके मोजता येत नाहीत. रंगीबेरंगी दोऱ्याचा फोटो पान सजवतो, वीण मात्र झाकतो. पुस्तक टेबलावर उघडं राहतं का तेही बघा. दोन्ही हात कामात असताना मिटणारं पुस्तक फार छळतं.

पुस्तकात ‘डीसी’ (डबल क्रोशे) म्हणून दिलेला टाका मी मुका खांब धरून विणला. फोटोतली वीण जाळीदार आहे, माझी आखूड आणि जाड आली. माझं चुकलं की पुस्तकाचं?

कोणाचंच नाही. पुस्तक अमेरिकी पद्धतीचं आहे आणि तुम्ही ते ब्रिटिश पद्धतीने वाचलंत. दोन्हीकडे शब्द तेच, टाके वेगळे. आपला मुका खांब अमेरिकेत सिंगल क्रोशे, ब्रिटनमध्ये डबल क्रोशे. आपला अर्धा खांब अमेरिकेत हाफ डबल, ब्रिटनमध्ये हाफ ट्रेबल. आपला खांब अमेरिकेत डबल क्रोशे, ब्रिटनमध्ये ट्रेबल. दुहेरी खांब अमेरिकेत ट्रेबल, ब्रिटनमध्ये डबल ट्रेबल. म्हणजे ब्रिटिश नाव नेहमी एक पायरी वर असतं.

ओळखायची सोपी खूण: पुस्तकात ‘सिंगल क्रोशे’ किंवा ‘एससी’ दिसलं तर ते अमेरिकी समजा. फक्त फार जुन्या ब्रिटिश पुस्तकांत हा शब्द स्लिप स्टिचसाठी, म्हणजे नुसता जोड देणाऱ्या सर्वांत आखूड टाक्यासाठी, वापरलेला सापडतो. ‘एससी’ कुठेच नाही आणि ‘हाफ ट्रेबल’ आहे, तर ब्रिटिश. टाका सोडण्यासाठी ब्रिटिश पुस्तकात ‘मिस’ लिहितात, अमेरिकी पुस्तकात ‘स्किप’. विणीच्या मापाला ब्रिटिश ‘टेन्शन’ म्हणतात, अमेरिकी ‘गेज’. तरी शंका राहिली तर ओळीच्या सुरुवातीच्या साखळ्या मोजा. ‘डीसी’ची ओळ ३ साखळ्यांनी सुरू होत असेल तर तो खांब, १ साखळीने होत असेल तर मुका खांब. साखळ्यांची संख्या टाक्याच्या उंचीवर ठरते, त्यामुळे ही खूण दगा देत नाही.

पुस्तक घेताना ही माहिती पहिल्या काही पानांत आहे का ते बघा. नसेल तर पेन्सिलने स्वतः लिहून ठेवा.

जपानी विणींची पुस्तकं फार सुंदर दिसतात. भाषा अजिबात येत नाही. घ्यावीत का?

घ्या. क्रोशात भाषेपेक्षा आकृती जास्त बोलते, आणि जपानी आकृत्या अतिशय काटेकोर असतात. तिथल्या औद्योगिक मानकांत, म्हणजे जेआयएसमध्ये, विणकामाच्या खुणा ठरवून दिलेल्या आहेत, त्यामुळे एका पुस्तकात शिकलेली खूण दुसऱ्यात बहुतेक तीच राहते.

लांबट पोकळ गोल म्हणजे साखळी. भरीव ठिपका म्हणजे स्लिप स्टिच. मुका खांब जपानी पुस्तकांत बहुतेक फुलीने दाखवतात, पाश्चात्त्य पुस्तकांत पुष्कळदा अधिकच्या चिन्हाने. वर आडवी टोपी असलेली उभी रेघ म्हणजे अर्धा खांब. त्याच रेघेच्या अंगावर एक तिरका छेद आला की खांब, दोन छेद आले की दुहेरी खांब, तीन आले की तिहेरी. छेद म्हणजे सुई टाक्यात घालण्याआधी दोऱ्याचे किती वेढे घ्यायचे त्याची मोजणी. अपवाद एकच: अर्ध्या खांबाला एक वेढा घेतो, पण त्याच्या खुणेवर छेद नसतो.

बारकाईने बघायची जागा म्हणजे खुणेचा पाय. पाच खांबांचे पाय खाली एका बिंदूत मिळाले असतील तर ते सगळे खालच्या एकाच टाक्यात सुई घालून विणायचे. तेच पाय खाली सुटे सुटे असतील तर ते टाक्यात नव्हे, साखळीच्या कमानीखालून सुई घालून विणायचे. कमानीखालून घालायचे खांब साखळीतच टोचले तर कमान पिळवटते आणि शिंपला एका बाजूला कलतो. उलट केलं तर खांब कमानीवर सरकतात आणि नक्षीचा मध्य हलतो. लिखित कृतीत ही गोष्ट पुष्कळदा मोघम राहते, इथे ती एका नजरेत दिसते.

दुसरी जागा उठावाच्या खांबांची. खालच्या खांबाच्या अंगाला पुढून किंवा मागून सुईचा वळसा घालून विणतात ते हे खांब, आणि त्यांच्या खुणेचा पाय हुकासारखा वळलेला असतो. जपानी आकृती कापडाची सुलट बाजू कशी दिसेल ते दाखवते. म्हणून उलट बाजूची ओळ विणताना पुढच्या उठावाची खूण दिसली तरी वळसा मागून घालायचा, तेव्हाच सुलट बाजूला उठाव पुढे येतो. हे लक्षात न घेता दोन्ही बाजूंनी पुढूनच विणलं की उठावाच्या उभ्या रेघा येण्याऐवजी आडवे पट्टे येतात. सगळ्या देशांतली पुस्तकं हा नियम पाळत नाहीत. प्रस्तावनेतलं खुणांचं पान बघा किंवा चार ओळी विणून फोटोशी ताडा.

ओळीचा क्रमांक उजवीकडे छापला असेल तर ती ओळ उजवीकडून डावीकडे वाचायची, डावीकडे असेल तर डावीकडून. पोकळ त्रिकोण म्हणजे इथे दोरा जोडा, भरीव त्रिकोण म्हणजे इथे तोडा. शब्द तीनच ओळखता आले तरी काम भागतं: ‘मे’ म्हणजे टाका, ‘दान’ म्हणजे ओळ, ‘मोयो’ म्हणजे नक्षीचा एक संच. आकृतीच्या खाली कंसात ‘६ मे १ मोयो’ असं काही दिसलं तर सहा टाक्यांत एक नक्षी पुरी होते.

टाक्याला खांब म्हणण्याची आपली रीतही याच नजरेची आहे. जर्मनमध्ये त्याला ‘श्टेबशन’ म्हणतात, म्हणजे छोटी काठी. आकृतीत तो तसाच दिसतो, म्हणून मराठी वाचकाला या खुणा लवकर बसतात.

पुस्तकात ८ नंबरची सुई लिहिली आहे. माझ्या ८ नंबरने वीण अगदीच वेगळी येते.

मिलिमीटर बघा, नंबर नको. ८ हा आकडा जुन्या ब्रिटिश मापात ४ मि.मी., अमेरिकी ‘एच-८’ म्हणजे ५ मि.मी., जपानी ‘८/०’ म्हणजेही ५ मि.मी., पण जपानी लेसच्या सुईचा ८ नंबर मात्र ०.९० मि.मी. आहे. लेसच्या सुयांत नंबर वाढतो तशी सुई बारीक होते. ज्या पुस्तकात मिलिमीटर दिलेलं नाही, त्यातल्या नंबरावर दोरा विकत घेऊ नका.

वीणकोशातली वीण घेऊन शाल करायची आहे, पण पुस्तकात माप, दोऱ्याचं वजन काहीच नाही. पुस्तक अपुरं आहे का?

वीणकोश असाच असतो. त्यात वीण दिलेली असते, माप तुमच्या दोऱ्यावर आणि हातावर ठरतं. म्हणून तुकडा विणावाच लागतो. निदान तीन-चार नक्षींचा रुंद आणि १२ ते १५ सें.मी. उंच असावा. तो धुऊन, सपाट पसरून, पूर्ण वाळल्यावर मोजा. जाळीदार विणी धुतल्यावर बऱ्याच पसरतात, न धुता मोजलं तर हिशेब फसतो.

समजा वरच्या शिंपल्याच्या ४ नक्षी १४ सें.मी. भरल्या. एक नक्षी ३.५ सें.मी. शाल ५० सें.मी. रुंद हवी तर भागाकार सुमारे १४.२९ येतो. अर्धी नक्षी घेता येत नाही, म्हणून १४ नक्षी, ४९ सें.मी., आणि उरलेला एक सें.मी. दोन्ही कडांना अर्धा अर्धा सें.मी. किनार घालून भरून काढा. टाके १४ गुणिले ६ अधिक १ म्हणजे ८५, साखळ्या ८६.

दोऱ्याचं वजनही याच तुकड्यावरून निघतं. १४ बाय १२ सें.मी.चा तुकडा ७ ग्रॅम भरला तर १६८ चौ.सें.मी.ला ७ ग्रॅम. ४९ बाय १६० सें.मी. शाल म्हणजे ७,८४० चौ.सें.मी., त्याला सुमारे ३२७ ग्रॅम. वर दहा टक्के धरून ३६० ग्रॅम आणा, सगळा एकाच रंगाईच्या लॉटचा. काटा फक्त पूर्ण ग्रॅम दाखवत असेल तर ७ ग्रॅमच्या तुकड्यावर अर्ध्या ग्रॅमची चूक म्हणजे सात टक्के होतात. अशा वेळी तुकडा दुप्पट मोठा विणा.

पायाची साखळी अर्धा मि.मी. मोठ्या सुईने घाला. घट्ट साखळीवर शिंपले दाटतात आणि शालीचं खालचं टोक वरच्यापेक्षा अरुंद राहतं.

टोपी आणि पिशवीसाठी याच विणी गोल फेरीत चालतात का, की वेगळं पुस्तक घ्यावं?

बऱ्याच चालतात. आधी तो ‘अधिक १’ काढून टाका, तो फक्त सपाट कापडाच्या कडांसाठी असतो. ७२ टाक्यांत १२ शिंपले नेमके बसतात. दुसऱ्या फेरीत ३ साखळ्या आणि २ खांब घालून सुरुवात करा, आणि फेरीच्या शेवटी त्याच मुक्या खांबात आणखी २ खांब घालून तिसऱ्या साखळीला स्लिप स्टिचने जोडा. पाच खांबांचा शिंपला पुरा होतो (३ साखळ्या एक खांब धरून) आणि सुई आपोआप त्याच्या मध्यावर येते, जिथे पुढच्या फेरीचा मुका खांब हवा असतो. म्हणून १ साखळी घालून तिथेच मुका खांब घ्या.

अडचण येते ती उठावाच्या आणि दाट विणींत. सपाट विणताना दर दुसरी ओळ उलट बाजूने येते, गोल विणताना सगळ्या फेऱ्या सुलट बाजूनेच येतात. त्यामुळे कापडाचा पोतच बदलतो, आणि जोडाची रेघ हळूहळू तिरकी सरकते. दर फेरीनंतर काम उलटून विणलं की दोन्ही प्रश्न बरेच सुटतात. टोप्या आणि पिशव्या वारंवार करत असाल तर ज्यात प्रत्येक वीण सपाट आणि गोल अशा दोन्ही आकृत्यांत दिली आहे असं पुस्तक शोधा.

मी डावखुरी आहे. वेगळं पुस्तक लागेल का?

नाही. लिखित कृती आहे तशीच विणा, तुमचं कापड आरशातल्यासारखं उलटं येईल आणि बहुतेक विणींत ते कळणारही नाही. आकृती मात्र उलट दिशेने वाचायची: उजवीकडून सुरू होणारी ओळ तुम्ही डावीकडून सुरू कराल. पानाचा फोटो काढून मोबाइलमध्ये आडवा उलटवला की काम सोपं होतं. अक्षरं किंवा चित्र असलेल्या फिले विणीत (भरीव आणि पोकळ चौकोनांच्या जाळीत) मात्र आकृती उलटवू नका. सुलट बाजूच्या ओळी मूळ आकृतीच्या डाव्या टोकापासून वाचा, म्हणजे अक्षर सरळ येईल.

छापील घ्यावं की ई-पुस्तक?

ई-पुस्तकात आकृती मोठी करून बघता येते, हा मोठा फायदा. पण विकत घेण्याआधी नमुन्याची पानं उघडून बघा. ज्या ई-पुस्तकात अक्षरं लहान-मोठी करता येतात, त्यात आकृत्या कधीकधी टपाल तिकिटाएवढ्या चित्रांच्या रूपात टाकलेल्या असतात आणि मोठ्या केल्या की फुटतात. छापलेल्या पानासारखीच दिसणारी पीडीएफ जास्त भरवशाची. मात्र ज्या पानांवर खुणा आणि आकडे लिहून ठेवायचे आहेत, ती कागदावर असलेली बरी.

पॉपकॉर्न, बॉबल आणि पफ यांत फरक काय? माझ्याकडच्या दोन पुस्तकांत नावं उलटीसुलटी आहेत.

नावांवर एकमत नाही, म्हणून नाव सोडून कृती वाचा. रूढ अर्थ असे. पॉपकॉर्न: एकाच टाक्यात ५ खांब पूर्ण विणायचे, सुई काढायची, पहिल्या खांबाच्या माथ्यात घालून सुटलेली अढी त्यातून ओढून घ्यायची. बॉबल: ५ खांब घालायचे पण प्रत्येकाची शेवटची अढी सुईवर राखायची, शेवटी सुईवर ६ अढ्या होतात, त्यांतून एकदम दोरा काढायचा. पफ: वेढा घेऊन लांब अढी ओढायची, असं तीनदा केलं की सुईवर ७ अढ्या, त्यांतून एकदम दोरा काढायचा. पफ मऊ आणि चपटा, बॉबल गोल, पॉपकॉर्न सर्वांत टणक आणि पुढे आलेला.

बॉबल विणणाऱ्याच्या पलीकडच्या बाजूला फुगतो, म्हणून तो बहुतेक उलट बाजूच्या ओळीत विणतात. पॉपकॉर्न मात्र सुलट ओळीत विणताना सुई पुढून मागे घातली तर आपल्याकडे येतो, उलट ओळीत मागून पुढे घालावी लागते. दिशा चुकली की पॉपकॉर्न कापडाच्या मागे लपतो. तेव्हा उसवायची गरज नाही, पुष्कळदा बोटाने ढकलून तो पुढे आणता येतो. बॉबल-पॉपकॉर्नच्या विभागात सुई कोणत्या बाजूने घालायची ते जे पुस्तक दर वेळी लिहितं, ते घ्या.